बिनकिनाऱ्याचा मुलूख

रत्नागिरीला जानेवारीत पारा अठरावर आला की आई कपाटातून शाल काढते. साइनशांदला त्याच महिन्यात रात्री उणे पंचवीस-तीस होतं, आणि दुपारी उणे बारा असलं तर लोक ‘आज बरं आहे’ म्हणतात. हे गाव मंगोलियाच्या दोर्नोगोवी प्रांतात, गोबीच्या वाळवंटात आहे. भारताच्या कर्जातून इथे जवळच तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहतोय. त्याच कामावर मी आलो.

कारखान्याची गरज का, हे नकाशा पाहिला की कळतं. देशाला शेजारी दोनच, उत्तरेला रशिया आणि दक्षिणेला चीन. इथल्या विहिरींतलं कच्चं तेल चीनला जातं आणि गाडीत भरायचं पेट्रोल-डिझेल जवळजवळ सगळं रशियातून येतं. क्षेत्रफळ १५ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पाच महाराष्ट्र मावतील एवढं. माणसं मात्र साधारण ३५ लाख, त्यातली निम्मी उलानबातरमध्ये. समुद्रमार्गे येणारा माल चीनच्या तिआनजिन बंदरात उतरतो आणि रेल्वेने इकडे येतो. त्यातही मंगोलियाचे रूळ रशियन मापाचे, १५२० मिलिमीटर, आणि चीनचे १४३५. म्हणून सरहद्दीपलीकडे एरेनहोटला प्रवासी गाडीचे डबे उचलून खालची चाकं बदलतात. लोक आत बसलेले असतात. चहा पीत, पत्ते खेळत.

‘भूवेष्टित देश’ हा शब्द मी शाळेत व्यापाराच्या धड्यात शिकलो होतो. थंडीचं मूळही तिथेच आहे, हे मात्र इथे येऊन अंगावर आलं. समुद्र उन्हाळ्यात साठवलेली ऊब हिवाळ्यात हळूहळू सोडतो. इथे तो लांबच्या चुलत्यासारखा, नावापुरता. हिवाळ्यात सैबेरियावर थंड, जड हवा साचून राहते, दाब वाढतो आणि ढग येत नाहीत. त्यामुळे दिवसभर लख्ख निळं आभाळ आणि रात्री जमिनीतली होती नव्हती ती ऊब वर निघून जाते. जुलैत तोच पारा पस्तिशीच्या वर चढतो.

उणे वीसची सवय होते, वाऱ्याची होत नाही. हवा इतकी कोरडी की स्वेटर काढताना ठिणग्या उडतात आणि दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो. मोबाइल खिशातून बाहेर काढला की काही मिनिटांत मान टाकतो. गाड्यांच्या इंजिनांवर जाड गोधड्या घालतात.

आमचा ड्रायव्हर एका रविवारी मला त्याच्या मोठ्या भावाच्या हिवाळी तळावर घेऊन गेला, सोबत साइटवरची दुभाषी मुलगी. तळ टेकडीच्या दक्षिण उतारावर होता, उत्तरेच्या वाऱ्याकडे पाठ करून. गेरचं, म्हणजे त्यांच्या गोल तंबूघराचं, दारही दक्षिणेलाच. घडीच्या जाळीच्या भिंती, वर वासे, त्यावर मेंढीच्या लोकरीचा जाड नमदा, मधोमध लोखंडी चूल. बाहेर सौर पॅनेल आणि मोटारसायकल. वहिनींनी मिठाचा चहा दिला. तो उजव्या हाताने, डावा हात कोपराला लावून घ्यायचा असतो. पहिला घोट मला सूप म्हणून बरा वाटला, चहा म्हणून नाही.

भटक्यांचं जगणं म्हणजे मनाला येईल तिकडे जाणं, असं आपल्याकडे प्रवासवर्णनांतून सर्रास लिहिलं जातं. मला ते आता वाचवत नाही. हे कुटुंब वर्षातून चारेकदा हलतं आणि प्रत्येक ऋतूचा तळ ठरलेला. हिवाळी तळाभोवतीचं गवत उन्हाळ्यात राखून ठेवायचं, त्याला तोंड लावू द्यायचं नाही. हिवाळी गोठ्याची जमीन म्हणजे वर्षानुवर्षं तुडवून घट्ट झालेला लेंड्यांचा थर. त्याने जनावरांना खालून ऊब मिळते, आणि कुदळीने त्याचेच तुकडे काढून चुलीत घालतात. कुरणाची जमीन मात्र कुणाच्या नावावर नाही. १९९२ च्या राज्यघटनेनुसार कुरण खासगी मालकीचं करता येत नाही.

भीती असते ती झुदची. उन्हाळा कोरडा गेला की जनावरांच्या अंगावर चरबी चढत नाही, आणि तशीच ती हिवाळ्यात जातात. मग बर्फ फार पडला तर पांढरा झुद. मधेच वितळून पुन्हा गोठला आणि गवतावर कवच धरलं तर लोखंडी झुद. आणि बर्फ पडलाच नाही तरी झुदच, काळा, कारण हिवाळ्यात जनावरांचं पाणी म्हणजे बर्फच. नुसत्या भुसभुशीत बर्फाचं भय नसतं. घोडे तो खुरांनी उकरतात आणि मागून मेंढ्या चरतात. लोखंडी कवचापुढे घोडाही हरतो. २०२३-२४ च्या हिवाळ्यात देशातल्या साडेसहा कोटींच्या आसपास जनावरांपैकी ७० लाखांहून अधिक दगावली. ड्रायव्हरच्या भावाने आकडा सांगितला नाही. ‘शेळ्या जास्त गेल्या,’ एवढंच म्हणाला.

शेळ्या वाढल्या कशा, हीही एक गोष्टच. समाजवादी काळात कळप सामूहिक मालकीचे होते. १९९० नंतर ते खासगी झाले, काश्मिरी लोकरीला भाव आला, आणि ज्याला त्याला शेळ्या हव्याशा झाल्या. त्या गवत खोलवर खुडतात. दोष शेळीला देणं सोपं आहे, पण घरात रोख पैसा तीच आणते. झुदमध्ये कळप गमावलेले लोक उलानबातरच्या कडेला गेर ठोकून राहतात, हिवाळ्यात कोळसा जाळतात, आणि धुराचं खापर पुन्हा त्यांच्यावरच फुटतं.

साइनशांदमध्ये एक छोटं संग्रहालय आहे, दानझनरावजा या एकोणिसाव्या शतकातल्या लामा-कवीचं. खामारच्या त्याच्या मठात नाटकंसुद्धा होत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस राजवटीने देशभरचे मठ पाडले, हजारो लामा मारले. तेव्हा मठाच्या वस्तू सांभाळणाऱ्याने पेट्या भरून वाळवंटात पुरल्या आणि जागेचं गुपित घरातच ठेवलं, पिढीकडून पिढीकडे. १९९० नंतर त्याच्या नातवाने त्यातल्या काही उकरून काढल्या. उलानबातरमध्ये लोक चेंगिझ खानाचा भव्य पुतळा दाखवतात, त्याने १२०६ मध्ये साम्राज्य उभारल्याचं सांगतात. मला या पेट्या जास्त मोठ्या वाटतात.

त्या रविवारी गेरमध्ये जेवताना भावाने माझ्या गावाविषयी विचारलं. मी म्हटलं, चार महिन्यांत तीन मीटरच्या वर पाऊस पडतो. इथे वर्षाला दहा-बारा सेंटीमीटर. दुभाषीने आकडा दोनदा विचारून घेतला. मग त्याचा प्रश्न : ‘एवढं गवत, तर मेंढ्या किती?’

मी सांगितलं की आमच्याकडे पावसात मेंढीचे खूर कुजतात. पण भात कापून झाला की घाटावरून धनगर खाली उतरतात, आणि पावसाच्या आधी परत वर जातात. हे त्याला लगेच पटलं. किती घरं एकत्र येतात, वाट कोण ठरवतं, सामान कशावर लादतात, असं बरंच विचारलं. घोड्यावर, म्हटल्यावर त्याने घोड्यांची उंची विचारली. शेतात मेंढ्या बसवायच्या म्हणून शेतकरी धनगरांना धान्य देतात, हे सांगितलं तेव्हा मात्र तो थांबला.

‘लेंड्यांचे पैसे?’

‘धान्य. खतासाठी.’

वहिनींकडे बघून तो काहीतरी बोलला आणि दोघं मनमुराद हसले. दुभाषी हसू आवरत म्हणाली, ‘ते म्हणतात, आपण वेडे, इतकी वर्षं फुकट जाळतोय.’