नणंद निघाली नेपाळला

माझी धाकटी नणंद फिजिओथेरपिस्ट आहे. दोन महिने ती नेपाळच्या डोंगराळ भागात बिनपगारी सेवेला निघाली आहे. भारतीयांना तिथं व्हिसा लागत नाही, लिपीही देवनागरीच; मला वाटलं, स्वेटर भरले की झालं! पण ही बाई पाठीवर टोपली घेऊन, तिचा पट्टा कपाळाला लावून आमचा जिना चढतेय. तिकडच्या बायका 'डोको' अशीच वाहतात, 'नाम्लो'च्या पट्ट्यानं.

"ओझं उचलू नका, असं सांगून कसं चालेल, वहिनी? त्यांची चूल कोण पेटवील?"

नेपाळीची उजळणी मात्र सासूबाईंच्या गुडघ्यावर. हिनं "दुख्छ?" विचारलं की त्या म्हणतात, "दुखतं गं!"

ती गेल्यावर तो व्यायाम मी करून घ्यायचा. काल माझा जोर जरा जास्तच लागला, तशा सासूबाई ओरडल्या, "बिस्तारै!" म्हणजे हळू!