पैठणीचा मोर आणि पद्मिनीची सीट

येवला
दिवाळीनंतरचा रविवार



मोटारीच्या छोट्या मॉडेलचा अंतर्भाग करताना पहिला हिशेब प्रमाणाचा. १:२४ म्हणजे खऱ्या गाडीतले २४ मिलिमीटर मॉडेलात एक मिलिमीटर. हा हिशेब उलटाही करावा लागतो, आणि बहुतेक चुका तो न केल्यामुळे होतात. मॉडेलात जे काही घालायचे ते आधी २४ पटींनी मोठे करून डोळ्यांपुढे आणावे. पाव मिलिमीटर जाडीचे कापड खऱ्या गाडीत सहा मिलिमीटरचे होते, म्हणजे सीटवर गोधडीच. एक दशांश मिलिमीटरचा धागा जवळजवळ अडीच मिलिमीटरचा होतो, म्हणजे सुतळी. आणि पैठणीच्या पदरावरचा पाच सेंटिमीटरचा मोर होतो १२० सेंटिमीटरचा, सात-आठ वर्षांच्या पोराएवढा. तू पाठवलेल्या तुझ्या मॉडेलच्या फोटोत मागच्या सीटवर असाच एक मोर बसला आहे आणि त्याची मान दरवाजापाशी कापली गेली आहे. तुझा प्रश्न एवढाच, की रेशमाला कुठला गोंद चालेल. गोंदाचे ओघाने येईलच. पण माझ्या आईच्या, म्हणजे तुझ्या आजीच्या, पैठणीला कात्री लावण्याआधी एक फोन करायचा होतास, बाळा.

प्रमाणानंतर नमुना. कुठल्या गाडीचा, कुठल्या वर्षाचा आणि कोणाच्या हातातला अंतर्भाग करायचा, हे ठरल्याशिवाय ब्लेड उचलू नये. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली. तीच गाडी १९७० च्या दशकात आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप लोकांच्या मनात तिच्यामुळेच ठसले. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ अखेर संपली आणि मुंबईच्या रस्त्यावरची पद्मिनी टॅक्सी तिथे थांबली. खरी गाडी सुमारे ३९३ सेंटिमीटर लांब आणि १४६ सेंटिमीटर रुंद. मॉडेलात ती साडेसोळा सेंटिमीटरच्या जरा आत लांब आणि सहा सेंटिमीटर रुंद होते. दोन्हीकडच्या दारांची जाडी वजा केली की आत काम करायला पाच सेंटिमीटर उरतात. एवढ्या जागेत नानांची, तुझ्या आजोबांची, अख्खी टॅक्सी मावायची आहे.

नमुन्यासाठी नानांचे तीन फोटो पुरेसे आहेत. पहिल्या दोहोंत पुढची सलग सीट, स्टिअरिंगच्या दांड्यालाच असलेला गिअरचा दांडा आणि डॅशबोर्डावरचा गणपती दिसतो. तिसऱ्यात आई मागच्या सीटवर बसली आहे, अंगावर हीच पैठणी. तो फोटो भिंग लावून पुन्हा बघावा. सीट तपकिरी रेक्झिनची आहे, शिवणीवर उभी गोल पट्टी आहे, रेशमाचा तिथे मागमूस नाही. पैठणी सीटवर नाही, सीटवर बसलेल्या बाईच्या अंगावर आहे आणि पदर तेवढा बाजूला पसरला आहे. मुंबईत २०१५ पासून ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमात चित्रकारांनी टॅक्सीच्या सीटा आणि छत नव्या छापील कापडाने मढवले. ते काम देखणे होते. पण तिथली चित्रे सीटच्या मापानेच काढली होती. कोणी साडी फाडून सीट शिवली नव्हती.

इथे पैठणीबद्दल थोडे जास्त लिहावे लागणार. कापड लहान होत नाही, ही गोष्ट मॉडेल करणाऱ्यांच्या लवकर लक्षात येत नाही. रंग पातळ करता येतो, पत्रा घासून बारीक करता येतो, पण मागावर विणलेले कापड ज्या मापाचे उतरले त्याच मापाचे राहते. पैठणीत तर माप हेच सगळे. येवल्यात आणि शेजारच्या नागडे, वडगाव, बल्हेगाव या गावांत ती हातमागावर विणली जाते. पदरावरची नक्षी नंतर केलेले भरतकाम नसते आणि छपाईही नसते. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे मोजत मोजत बाणा, म्हणजे आडवा धागा, भरतात. प्रत्येक रंगाच्या बाण्याची वेगळी तिल्ली, म्हणजे छोटी कांडी, असते, आणि एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथे दोन्ही बाण्यांचे धागे एकमेकांत अडकवले जातात. म्हणून अस्सल पैठणी उलट-सुलट सारखीच दिसते, मागे लोंबते धागे नसतात. बांगडी मोर, मुनिया, आसावली, काठावरची नारळी असे सगळे या मोजणीतून येते. भरजरी पदरापाशी विणकराचे महिने जातात. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या हाताच्या मोजणीपायी.

अशा कापडाला मधेच कात्री लागली की धाग्यांची अडकवण सुटू लागते. जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली धातूची बारीक पट्टी. ती कापलेल्या टोकाकडून उलगडत जाते. फोटोत सीटच्या कडेला सोनेरी केस उभे राहिलेले दिसतात, ते हेच. गोंदाने ते दाबता येतील, परत विणता येणार नाहीत. तू हे जाणूनबुजून केले नाहीस. आजीची आठवण गाडीत बसवायची होती, हे कळते. पण त्या आठवणीला दोन बाजू होत्या आणि त्यातली एक आता प्लास्टिकला चिकटली आहे.

पैठणी गाडीत हवीच असेल तर ती छापून आणावी. पदराचा समोरून, सावली न पडता, ढगाळ दिवशी फोटो घ्यावा. संगणकावर तो चोविसाव्या भागाला आणावा. पाच सेंटिमीटरचा मोर मग दोन मिलिमीटरचा होतो. इंचाला ६०० ठिपक्यांच्या छपाईत दोन मिलिमीटरला सुमारे ५० ठिपके मिळतात. मोराची मान, पिसारा आणि पायाखालची वेल ओळखू येण्याएवढे. छपाई पातळ कागदावर करावी, वर मॅट वार्निशचा हलका हात द्यावा आणि कागद किंचित ओला असतानाच चिमट्याने घडी पाडावी. पैठणीची धूपछाव छपाईत येत नाही, कारण ती ताणा आणि बाणा यांचे रंग वेगळे असल्याने दिसते. ती ब्रशने आणावी. जांभळा वाळला की जवळजवळ कोरड्या ब्रशावर कणभर लाल घेऊन घडीच्या उंचवट्यावरून एकदाच ओढावा. दिव्याखाली गाडी फिरवली की रंग बदललेला दिसतो. हा छापील पदर मागच्या सीटवर, तिसऱ्या फोटोत आहे तसा, खिडकीच्या बाजूला पसरावा. त्याची जागा ती आहे.

सीट स्वतः रेक्झिनचीच करावी. किटमध्ये मिळणाऱ्या सीटा बहुधा गुळगुळीत आणि ताठ असतात; वापरातली सीट मधे दबलेली असते. दोन भागांची इपॉक्सी पुट्टी पातळ पसरून ओल्या बोटाने बसायच्या जागी दाब द्यावा. शिवणीच्या रेघा सुईच्या पाठीने ओढाव्यात. उभ्या गोल पट्टीसाठी किटच्या चौकटीचे उरलेले प्लास्टिक मेणबत्तीवर मऊ करून ओढतात आणि त्याची तार काढतात. खऱ्या सीटवरची पट्टी पाच मिलिमीटरची धरली तर तार ०.२ मिलिमीटरची हवी. खिडकी उघडी ठेवून आणि खाली स्टीलचे ताट ठेवूनच हे करावे. पेटलेले प्लास्टिक गळते आणि बोटाला चिकटते. रंग अर्धचमकीचा घ्यावा. पूर्ण चमक दिली की सीट ओली वाटते, पूर्ण मॅट दिली तर रेक्झिन सुती कापडासारखे दिसते.

सीटनंतर डॅशबोर्ड. जपानी किटमध्ये कधी कधी डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही स्टिअरिंगचे डॅशबोर्ड येतात. आपल्याला उजवा लागतो. थ्रीडी छपाईचा रिकामा सांगाडा असेल, तुझा आहे तसा, तर डॅशबोर्ड अर्ध्या मिलिमीटरच्या स्टायरीन पत्र्यातून कापावा लागतो. मीटरच्या तबकडीवर फेव्हिकॉलचा एक थेंब ठेवला तर तो वाळून काचेसारखा दिसतो. स्टिअरिंगचे कडे ०.८ मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचे, पेनच्या टोपणावर गुंडाळून घ्यावे. भाड्याचे मीटर आत लावू नये. जुन्या टॅक्सीला ते बाहेर, डाव्या अंगाला असायचे. नानांच्या काळातल्या गाडीत सीटबेल्टही दाखवू नयेत.

तळाला फार वेळ देऊ नये. छत बसल्यावर तो जवळजवळ दिसत नाही. खिडकीतून दिसतो तो वरचा अर्धा भाग: सीटची पाठ, दाराची वरची कड, स्टिअरिंग, छत. छतासाठी येवल्यात प्रत्येक घरी सापडणारी वस्तू उपयोगाची आहे, पतंगाचा ताव. भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस उडवून उरलेले ताव माळ्यावर पडूनच असतात. हा कागद पातळ असतो, आतल्या गोलाईवर सुरकुती न पडता बसतो आणि पातळ केलेल्या फेव्हिकॉलने चिकटतो. पांढरा ताव घेऊन त्यावर फिकट पिवळट हात दिला की विड्यांच्या धुराने माखलेले छत तयार होते. नाना विडी ओढायचे ते आईला कधी आवडले नाही, पण छत खरे तसेच होते.

आता गोंद. प्लास्टिकला प्लास्टिक जोडणारे पातळ सिमेंट पृष्ठभाग विरघळवून जोडते, कापडाला त्याचा उपयोग नाही. कागद, कापड आणि काचेला फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद घ्यावा; वाळताना तो पारदर्शक होतो. फेविक्विकसारखा झटपट गोंद रेशमात शिरून त्याला पत्र्यासारखे कडक करतो आणि काळपट डाग ठेवतो. खिडकीच्या काचेजवळ त्याची वाफ पांढुरकी बसते आणि पुसून जात नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा गोंद कापसावर किंवा सुती कापडावर सांडला तर झपाट्याने तापतो, धूर येतो आणि कातडी भाजते. तो पुसायला कापूस घेऊ नये, सुती बनियन घालून मांडीवर काम करू नये. फोटोच्या कोपऱ्यात तुझ्या गुडघ्याशी त्याच गोंदाची हिरवी ट्यूब आणि कापसाचे बोळे दिसले, तेव्हापासून मनाला चैन नाही. रात्री दार लावून काम करतोस असे ताई, तुझी आई, म्हणाली. पॉलिश पेपर ओला करूनच घासावे, थिनरच्या वेळी पंखा चालू आणि खिडकी उघडी ठेवावी, आणि बोथट ब्लेड लगेच बदलावे. घसरते ते बोथट.

जोडणीआधी सगळे भाग गोंद न लावता बसवून पाहावेत. दाराला अस्तर दिले की आतली रुंदी कमी होते, पुट्टीने सीट उंच झाली की छत टेकते. काचा आतून पुसून मगच सांगाडा बंद करावा. एकदा बंद झाल्यावर आतला बोटाचा ठसा कायमचा.

उरलेल्या पैठणीचे असे कर. सीटवरचा तुकडा ओढून काढू नकोस. गोंद पांढरा असेल तर कोमट पाण्याचा ओला कपडा बराच वेळ ठेवला की तो सुटेल. झटपट गोंद असेल तर हातच लावू नकोस, तसाच आण. बाकीची पैठणी धुतलेल्या मलमलीत गुंडाळ, प्लास्टिकच्या पिशवीत नको, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नकोस आणि घडी जुन्या जागी पाडू नकोस. संक्रांतीला येताना गाडी आणि पैठणी दोन्ही घेऊन ये. नागडे गावचे एक विणकर कापलेली कड बांधून देतील, विचारून ठेवले आहे. तोपर्यंत कात्री ताईकडे दे.

तुझा,
मामा