आदल्या रात्रीचा विद्यार्थी

"सर, उद्या स्टॅटिस्टिक्सचा पेपर आहे. फी सांगाल ती देतो, फक्त पास करा." बेंगळुरूत मी संख्याशास्त्राच्या शिकवण्या घेतो. सेमिस्टरच्या परीक्षा आल्या की असे फोन सुरू होतात. इंजिनिअरिंगची, बीकॉमची, बीबीएची मुलं. त्यांतली बेळगाव-निपाणीकडची मराठीतच गळ घालतात.

एका रात्रीत पास होण्यापुरतं बरंच जमतं. मागचे पेपर पुढ्यात घ्यायचे. नॉर्मल वितरण, टी-टेस्ट, काय-स्क्वेअर, रिग्रेशन यांचं एकेक गणित मुलाच्याच हातून पूर्ण सोडवून घ्यायचं. मांडणीलाही गुण असतात. सूत्रं दोन तासांत तोंडपाठ होतात. गाडी अडते ती त्यांच्या पुढे.

कॉफी पावडरच्या पाकिटात सरासरी 50 ग्रॅम माल असतो, असा दावा आहे. 36 पाकिटं तपासली. सरासरी निघाली 52, प्रमाण विचलन 6. मुलगा झरझर मांडतो: 6 भागिले 36चं वर्गमूळ, म्हणजे 1. फरक 2, म्हणून झेडही 2. तक्त्यातल्या 1.96 पेक्षा मोठा. "रिजेक्ट, सर." काय रिजेक्ट? गप्प. मग मी सांगतो: दावा खरा असता, तर सरासरी 50 पासून इतकी दूर जाणं शंभरात पाचपेक्षाही कमी वेळा घडलं असतं, म्हणून दावा नाकारायचा. हे त्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलं, की पुढची गणितं भराभर सुटतात.

संख्याशास्त्रात एका रात्रीचा एक किस्सा प्रसिद्ध आहे, आणि त्यात एक मराठी विद्यार्थी आहे. कर्नाटकातल्या हूविन हडगलीत जन्मलेले सी. आर. राव 1944च्या सुमारास कलकत्ता विद्यापीठात शिकवत होते. मोठ्या नमुन्यांबद्दलचा संख्याशास्त्रज्ञ फिशर यांचा निष्कर्ष त्यांनी सांगितला, तेव्हा वर्गातल्या वि. म. दांडेकरांनी विचारलं, मर्यादित नमुन्यासाठी असं काही सिद्ध करता येईल का? राव रात्रभर बसले आणि दुसऱ्या दिवशी सिद्धता घेऊन आले. 1945 साली छापलेला तो निष्कर्ष आज क्रामेर-राव असमानता म्हणून जगभर शिकवतात. दांडेकर पुढे पुण्याच्या गोखले संस्थेतले नामवंत अर्थशास्त्रज्ञ झाले.

रावांच्या त्या रात्रीमागे तयारी होती, आणि समोर नेमका प्रश्न होता. माझ्याकडे येणाऱ्या मुलाकडून तयारीची अपेक्षा मी ठेवत नाही; प्रश्नाची ठेवतो. "सगळं शिकवा" म्हणणाऱ्याच्या पदरात चार सूत्रं पडतात. "हा 1.96 येतो कुठून?" असं विचारणाऱ्याला नॉर्मल वितरणापासून चाचणीपर्यंतचा सगळा रस्ता दिसतो. पेपर चालू असताना फोनवर उत्तरं पाठवा, अशीही मागणी येते, दुप्पट फी देऊ करून. तसं मागणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवतो.

तेव्हा आदल्या रात्री यायचंच असेल तर खुशाल या. पण मागचे पेपर, कॅल्क्युलेटर आणि निदान एक अडलेली जागा घेऊन या. ती जागा शोधायला पुस्तक उघडावं लागतं, आणि तिथेच अर्धी शिकवणी फुकटात होऊन जाते.