महूचे दिवे

महूला माझे आजोळ. इंदूरहून अंतर जेमतेम तेवीस किलोमीटर. पण मीटरगेजच्या गाडीने राऊ ओलांडले, की लहानपणी मला परमुलखात आल्यासारखे वाटे. आमच्या रामबागेत कोणाच्या घरी काय शिजले हे चार घरांना ठाऊक असे. महूला मात्र तारांची कुंपणे होती, पहारेकरी होते, आणि आत जाण्यास मनाई असल्याच्या पाट्या होत्या. १८१८ साली मंदसोरच्या तहानंतर इंग्रजांनी वसवलेली ही छावणी स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याची झाली, तरी कुंपणापलीकडे काय चालते हे कुंपणाबाहेरच्यांना कळू नये, हा शिरस्ता तसाच राहिला. माझे मामा तेथल्याच एका कार्यालयात कारकून होते.

१९७२ च्या मे महिन्यातील गोष्ट. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. रात्री गच्चीवर अंथरुणे घातली होती. सगळे झोपले होते, मी मात्र चांदण्या मोजीत जागी होते. एकाएकी दूर टेकड्यांच्या अंगाला आकाशात एक पिवळसर दिवा लागला. विजेसारखा लखलखून तो नाहीसा झाला नाही. तो तेथेच अधांतरी राहिला, किंचित डोलला, मग अगदी सावकाश खाली येत येत विझला. आवाज कसलाच नाही. थोड्या वेळाने दुसरा लागला, मग तिसरा. मी घाबरून मामांना हलवले. ते उठून बसले, त्या दिशेला क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "झोप आता."

"मामा, ते काय आहे?"

"मला सांगता यायचे नाही."

"मला ठाऊक नाही" असे ते म्हणाले नाहीत, हे त्या वयातही माझ्या ध्यानात आले.

त्या काळी उडत्या तबकड्यांविषयी मासिकांतून पुष्कळ छापून येई. जूनमध्ये शाळा उघडताच मी वर्गात सांगून टाकले, की मी तीन तबकड्या पाहिल्या. वर्ग हसला. बाईंनी विचारले, "आणखी कोणी पाहिल्या?" मी मामांचे नाव घेतले. "मग त्यांची चिठ्ठी आण," बाई म्हणाल्या. पुढच्या रविवारी मामा इंदूरला आले, तेव्हा मी कागद आणि दौत घेऊन त्यांच्यापुढे बसले. दोन ओळी हव्या होत्या, अधिक काही नको होते. मामांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात परत दिली आणि नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी "मी खोटे बोलणार नाही" हे वाक्य मला पन्नास वेळा लिहावे लागले. मुलींनी माझे नाव तबकडी ठेवले, ते मॅट्रिकपर्यंत टिकले.

मामांनी पुढच्या राखीपौर्णिमेला आईबरोबर माझ्यासाठी एक जाड पुठ्ठ्याची वही पाठवली. पहिल्या पानावर त्यांच्या कारकुनी वळणाच्या अक्षरात लिहिले होते: "जे दिसेल ते लिहावे. दिनांक, वेळ, दिशा." मी त्या वहीत विणकामाचे नमुने उतरवले. महूला राहायला जाणे मी हळूहळू सोडले. सणावारी भेट होई, नमस्कार होई. पण मनातली अढी गेली नाही. एक मात्र मी धरून चालले होते: मामांनी ज्या अर्थी तोंड उघडले नाही, त्या अर्थी छावणीत काहीतरी विलक्षण दडलेले असणार.

पन्नास वर्षे लोटली. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. गुढी उतरवून झाली होती, श्रीखंडाची पातेली रिकामी झाली होती, आणि नात मला ओढीत गच्चीवर घेऊन गेली. आकाशात एक जळती रेघ संथपणे सरकत होती. पाहता पाहता तिचे तुकडे झाले, आणि दिव्यांची माळ ओढून न्यावी तसे ते सारे एकामागून एक चालले. शेजारच्या गच्चीवरून कोणी ओरडले, "महूहून काही सोडले असेल!" नातीने माझा हात घट्ट धरला. "आजी, हे काय? मी उद्या सगळ्यांना सांगू?"

माझ्या घशाशी आवंढा आला. सांग म्हणावे, तर हसे होईल. नको म्हणावे, तर मी कोणाच्या पंक्तीला जाऊन बसते?

दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून कळले, की तेच दृश्य माळव्यापासून विदर्भापर्यंत असंख्य लोकांनी पाहिले होते. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे आकाशातून पडले. कृत्रिम उपग्रहांचा हिशेब ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी 'लाँग मार्च' अग्निबाणाचा तिसरा टप्पा होता. पृथ्वीभोवती वर्षभर फिरून तो वातावरणात शिरला आणि जळाला. उल्का सेकंदाला निदान अकरा किलोमीटर वेगाने येते, म्हणून डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ती संपते. कक्षेतून उतरणारा अग्निबाण तिच्याहून मंद, आणि तो जवळजवळ आडवा येतो. म्हणूनच ती माळ इतकी सावकाश गेली.

त्या आठवड्यात मी नातीला घेऊन महूला गेले. मामा चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले होते. नातीने सारी हकीकत सांगितली, ती त्यांनी कान देऊन ऐकली. मग माझ्याकडे न पाहताच ते म्हणाले, "तुझे दिवे मात्र आमचेच होते."

उखळी तोफेतून प्रकाशगोळा वर उडवतात. वर गेल्यावर लहानशी हवाई छत्री उघडते, आणि तिला लटकलेली मॅग्नेशियमची दारू जळत जळत खाली येते. रात्रीच्या सरावात खालची जमीन दिसावी, एवढाच उद्देश. वारा उलटा असल्यामुळे त्या रात्री आवाज आला नव्हता.

"एवढेच?" मी म्हणाले. "मग तेव्हा का नाही सांगितले?"

"अगं, एकाहत्तरचे युद्ध संपून सहा महिनेही झाले नव्हते. कार्यालयातले बाहेर बोलणार नाही, अशी सही करून दिलेली. कोणते गुपित लहान आणि कोणते मोठे, हे कारकून ठरवू लागला, तर मग गुपित राहते कुठे?" थोडे थांबून ते म्हणाले, "पण तुला पन्नास वेळा लिहावे लागले, ते मला फार लागले."

मला काही बोलता आले नाही.

अशी मौने जगात इतरत्रही पाळली गेली आहेत. अमेरिकेच्या नेवाडा वाळवंटात 'एरिया ५१' नावाचा तळ आहे. १९५५ पासून तेथे यू-टू या टेहळणी विमानाच्या चाचण्या झाल्या. ते साठ हजार फुटांहून उंच उडे. खाली सांज झालेली असताना वर त्याच्या पंखांवर ऊन चमके, आणि प्रवासी विमानांचे वैमानिक अद्भुत तेज पाहिल्याचे कळवीत. चौकशी करणाऱ्यांपैकी काहींना खरे ठाऊक होते, पण सांगण्याची मुभा नव्हती. तळाचे नाव घेऊन ही हकीकत सरकारी कागदांतून उघड झाली ती २०१३ मध्ये. तोवर दोन पिढ्यांनी त्या कुंपणाआड परग्रहवासी कल्पून घेतले होते. मीही महूच्या कुंपणाआड तेच केले होते.

उलट उदाहरण लडाखचे. २०१२-१३ मध्ये पँगाँग सरोवराच्या भागात आपल्या जवानांना रात्री तेजस्वी वस्तू दिसू लागल्या. शत्रूच्या टेहळणीचा संशय आला. त्यांनी सहा महिन्यांत ३२९ नोंदी केल्या. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील शास्त्रज्ञांनी तपास केला, तेव्हा तो गुरू आणि शुक्र निघाला. जवानांना कोणी खोटे म्हटले नाही. त्यांनी पाहिलेले खरेच होते, फक्त नाव चुकले होते. आणि नोंदी होत्या म्हणून ते दुरुस्त करता आले.

निघताना मामांनी नातीला विचारले, "तू पाहिलेस ते लिहून ठेवलेस का?" तिने मान हलवली. घरी आल्यावर मी माळ्यावरची ट्रंक उघडली. विणकामाचे नमुने वहीच्या निम्म्यापर्यंतच होते. नातीने पुढल्या कोऱ्या पानावर लिहिले: "२ एप्रिल २०२२. रात्री आठच्या सुमारास. आजी आणि मी." दिशेवरून आमचा थोडा वाद झाला, तेव्हा गच्चीवर जाऊन खात्री करून घेतली. त्यानंतर मी तिच्या हातून वही घेतली, आणि मे १९७२ ची नोंद तिच्याखाली केली. साक्षीदार म्हणून मामांचे नाव लिहिले. पुढच्या खेपेस वही महूला नेऊ, तेव्हा त्यांची सही घ्यायची आहे.