काचेवर काय उरतं

खिडकीची काच पुसून झाल्यावर लगेच बघण्यात अर्थ नसतो. ओली असताना ती छानच दिसते. खरी परीक्षा होते ती ऊन तिरपं झाल्यावर. आमच्या हॉलची खिडकी पश्चिमेला आहे, त्यामुळे दिवाळीच्या साफसफाईचा निकाल साधारण पाच वाजता लागतो. फडकं फिरलेल्या कमानी, खालच्या कोपऱ्यात वाळलेल्या थेंबांची वर्तुळं, मधूनच एखादा ओघळ. पुसण्याआधी यातलं काही नव्हतं. नुसती सगळीकडे सारखी धूळ होती.

यावर प्रत्येक घराचा आपापला उपाय असतो. कुणाकडे वर्तमानपत्राचा बोळा, कुणाकडे व्हिनेगर, कुणाकडे लिंबू, स्पिरिट, शाम्पूचे दोन थेंब किंवा फवाऱ्याच्या बाटलीतलं निळं पाणी. यातले बहुतेक मी वापरून पाहिलेत. सगळ्यांची चर्चा ‘काचेला काय लावायचं’ याभोवती फिरते. डाग मात्र ‘काचेवर काय उरतं’ यावर ठरतात.

पाणी उडून जातं, त्यातले क्षार जात नाहीत. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी टँकरने येतं. टीडीएस मीटरवर ते पाचशेच्या आसपास भरतं, म्हणजे लिटरमागे साधारण ५०० मिलिग्रॅम क्षार. एक चौरस मीटर काचेवर चार चमचे, म्हणजे २० मिलिलिटर पाणी वाळलं, तर मागे १० मिलिग्रॅम राहतील. हे १० मिलिग्रॅम एकसारखे पसरले तर त्यांचा थर होईल जेमतेम चार नॅनोमीटर जाड. आपला केस त्याच्या हजारो पट जाड असतो. असा थर कुणाला दिसणारही नाही.

पण तो एकसारखा पसरत नाही, गोम तिथेच आहे. थेंबाची कड काचेला धरून बसते आणि पाणी तिथूनच सर्वांत वेगाने उडतं. ती तूट भरायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि जाताना सोबतचा गाळ घेऊन जातं. सांडलेल्या कॉफीचा डाग कडेला गडद का असतो, याचं हे स्पष्टीकरण शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये दिलं. खिडकीवरची वर्तुळं त्याच जातीची. म्हणून प्रश्न थेंब वाळू न देण्याचा आहे. पाणी वाळण्याआधी काचेवरून उचललं की क्षारही त्याच्यासोबत जातात.

एवढं कळलं की घरगुती उपायांची छाननी सोपी होते. वर्तमानपत्राचा कागद पाणी शोषतो आणि लव सोडत नाही, म्हणून चालतो. शाई मात्र हाताला आणि पांढऱ्या चौकटीला लागते. आजीच्या जुन्या लुगड्याचं फडकं त्याहून बरं. शेकडो धुण्यांत त्याची खळ आणि लव दोन्ही गेलेली असतात. नव्या सुती कापडात खळ असते. ते पाणी शोषत नाही, नुसतं इकडून तिकडे ढकलतं. मायक्रोफायबरही चांगलं, फक्त ते कपडे मऊ करायच्या द्रावणातून काढू नये. त्याचा थर कापडावर बसतो आणि तिथून काचेवर येतो.

व्हिनेगर आम्ल आहे, त्यामुळे कॅल्शियमचे जुने पांढरे डाग विरघळतात. पण त्यात खाण्याचा सोडा मिसळला की फेस येऊन दोघांचंही काम संपतं आणि हाती राहतं सोडियम ॲसिटेटचं पाणी, म्हणजे आणखी एक क्षार. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी लादीला ठीक, काचेला वाईट, कारण त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. याउलट एसीच्या नळीतून टपकणारं पाणी हवेतल्या वाफेचं असतं. त्यात क्षार जवळजवळ नसतातच. काचेसाठी याहून चांगलं पाणी घरात फुकट मिळत नाही. आणि भर उन्हात काच पुसू नये. आपण कोरडं फडकं घेईपर्यंत ती वाळलेली असते.

दुसरा गुन्हेगार तेलकटपणा. स्वयंपाकघराच्या खिडकीवर फोडणीचा थर असतो, इतर खिडक्यांवर हातांचा. काचेवर ‘हा’ करून वाफ सोडून बघा. स्वच्छ काचेवर ती सारखी धरते, तेलकट काचेवर बोटांचे ठसे आणि पट्टे उमटतात. तेल काढायला साबण लागतो, पण बादलीत बूचभर साबण घातला की तोच काचेवर राहतो.

पाण्यावरच्या तेलाच्या आणि साबणाच्या या पातळ थराचा पहिला नीट अभ्यास ज्यांनी केला, त्यांत जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या ॲग्नेस पॉकल्स होत्या. जन्म १८६२चा. भौतिकशास्त्राची ओढ होती, पण त्या काळी तिथे मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. त्या घर सांभाळत होत्या, आजारी आईवडिलांचं करत होत्या. पत्र्याची लांबट उथळ कुंडी आणि साधा तराजू घेऊन त्यांनी घरीच मोजमापं केली. १८९१ साली त्यांनी ती लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवली, आणि रॅले यांनी ते पत्र ‘नेचर’कडे छापायला पाठवलं. पुढे या थरांच्या अभ्यासात अशाच कुंडीची सुधारलेली रूपं वापरली गेली आणि त्याच क्षेत्रातल्या कामासाठी अर्व्हिंग लँगम्यूरना १९३२चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पॉकल्सबाईंना मानद डॉक्टरेट मिळाली ती सत्तरीत.

घरकाम करता करता माणसाला पदार्थांबद्दल बरंच कळतं, पण ते ज्ञान म्हणून क्वचितच मोजलं जातं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत पृष्ठताण मी सूत्रात शिकलो. बादलीला साबणाचे चारच थेंब हे मला आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी शिकवलं. त्या पाच घरांच्या खिडक्या पुसतात. वायपरच्या प्रत्येक ओढीनंतर त्याची रबरी पट्टी पुसून कोरडी करतात, नाहीतर पुढच्या ओढीला कडेने रेघ उमटते. काच आतून उभी आणि बाहेरून आडवी पुसायची, हीही त्यांचीच रीत. म्हणजे पट्टा राहिला तर कुठल्या बाजूचा आहे ते दिशेवरून कळतं. ऑफिसात यालाच आम्ही डीबगिंग म्हणतो आणि त्याचा चांगला पगार घेतो.

पण ‘बाहेरून’ म्हणजे कुठून? चाळीतल्या किंवा वाड्यातल्या खिडकीची दारं उघडून दोन्ही बाजू पुसता येत. सरकत्या खिडकीचं तावदान मागच्या तावदानाआड जातं आणि त्याची बाहेरची बाजू हवेत राहते. मागच्या दिवाळीआधी समोरच्या इमारतीत सहाव्या मजल्यावरच्या छज्जावर एक बाई उभी दिसली. एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्या हातात फडकं. दोरी नाही, पट्टा नाही. आतून कुणीतरी काचेवर बोट टेकवून वरचा एक कोपरा दाखवत होतं. राहिला होता म्हणून. तिने टाचा उचलून तो पुसला. ती आत जाईपर्यंत मी खिडकीतून हललो नाही.

आमच्याकडेही तो विषय निघाला. मावशी म्हणाल्या, “वहिनी, मी बाहेर पाय टाकते ना, दोन मिनिटांचं काम.” आई म्हणाली, “नको मावशी. दिसू दे पट्टे.” मग नियम ठरला, आणि तो माझ्यासकट सगळ्यांना लागू आहे. दोन्ही पाय घरातल्या लादीवर, कट्ट्यावर चढायचं नाही. दोन्ही तावदानं एका बाजूला सरकवायची, हात पोचेल तेवढं पुसायचं, पुढचं लांब दांड्याच्या वायपरने. आणि खिडक्यांचे पैसे महिन्याच्या पगारात न धरता वेगळे, कारण हे वेगळं काम आहे.

या पद्धतीने मधली वीतभर पट्टी राहते. तिथे पावसाळ्यापासूनचे डाग तसेच आहेत. पाहुण्यांपैकी एकीने ते हेरलं आणि व्हिनेगर लावा म्हणून सुचवलं. आईने मान डोलावली.

काच कशी पुसायची असं कुणी विचारलं, तर मी आता व्हिनेगरपासून सुरुवात करत नाही. बाहेरची बाजू कोण पुसणार आणि कुठे उभं राहून, हे आधी ठरवा, असं सांगतो. बाकीचं काम थोडं पाणी, त्याहून थोडा साबण आणि जुनं कोरडं सुती कापड यांत होतं.