धर्म, नाव आणि तांदळाचं ताट

"फादर म्हणाले, तुझ्या होणाऱ्या नवऱ्याने धर्म बदलायची गरज नाही. पण मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायचा प्रयत्न करीन, असं तू कबूल करायचंस." लंच टाइमला माझी वसईची मैत्रीण सांगत होती. मुलगा नगरचा, प्रोटेस्टंट. मला गंमतच वाटली. दोघंही येशूचेच ना? मग टेन्शन कसलं?

टेन्शन जुनं आहे. पहिल्या एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये प्रोटेस्टंट राज्य होतं. कॅथलिकच राहिला म्हणून टॉमस पाउंड सुमारे ३० वर्षं तुरुंगात. त्याचा मित्र टॉमस स्टीफन्स मात्र निसटला. रोमला जाऊन जेझुइट झाला, १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि चक्क मराठी शिकला. इतकी, की ११ हजारांच्या आसपास ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. पण ऐकणारे कोण? सासष्टीतले नवे ख्रिस्ती. १५६७ मध्ये पोर्तुगीजांनी तिथली देवळं पाडली होती. बाप्तिस्म्याबरोबर लोकांची नावंही बदलली. मायदेशातल्या जबरदस्तीतून सुटलेला माणूस इथे दुसऱ्या जबरदस्तीच्या सावलीत मराठी फुलवत बसला. मला तो आवडतो आणि त्याचा रागही येतो.

शनिवारी एसटीने पोलादपूरला घरी गेले. तर तिथे माझंच धर्मांतर ठरलेलं! डिसेंबरात लग्न आहे. 'तिकडून' निरोप आला होता : मुलीचं नाव बदलायचं, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहायचं.

"अगं, प्रथाच आहे. माझंही बदललं की," आई म्हणाली.

"तुला विचारलं होतं कुणी?"

आई गप्प. कुकरची शिट्टी तेवढी झाली.

परतताना महाडला उतरले, चवदार तळ्यावर गेले. १९२७ मध्ये इथे पाण्यासाठी सत्याग्रह करणाऱ्या बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली आणि बौद्ध धम्म स्वीकारला १९५६ मध्ये. मध्ये तब्बल २१ वर्षं! मला तर २१ दिवसही कुणी दिले नव्हते.

तळ्याकाठूनच त्याला फोन लावला. "नाव माझं आहे तेच राहील. चालेल?"

दोन सेकंद शांतता. मग म्हणाला, "मला चालेल गं. पण आईला तूच सांग."

सांगणार आहे. पण त्याआधी त्यांचं माहेरचं नाव काय होतं, ते विचारणार आहे.