उसनी विलायत

मे महिन्यात पोलादपूर सोडलं की आंबेनळी घाट लागतो. कोकणात अंगाला चिकटलेला सदरा वळणावळणानं सुटत जातो, कानांत दडे बसतात, आणि महाबळेश्वरच्या पेठेत पोचेपर्यंत खाली घेतलेलं वेफर्सचं पाकीट टम्म फुगलेलं असतं. भूगोलाचा अर्धा धडा त्या पाकिटातच आहे. वर हवेचा दाब कमी, म्हणून आतली हवा पसरू पाहते. डोंगराला धडकून वर चढणारी मोकळी हवाही अशीच पसरते, आणि त्या पसरण्याचे कष्ट तिला स्वतःच्या उष्णतेतून भागवावे लागतात. सरासरी धरली तर किलोमीटरभर वर गेलं की साडेसहा अंश कमी. महाबळेश्वर सुमारे १३७० मीटरवर. म्हणजे नऊएक अंशांची सूट. वर तर सूर्य जवळ येतो, मग गार का, असं मुलं विचारतात. पंधरा कोटी किलोमीटरमधून हा सव्वा-दीड किलोमीटर वजा करून हाती काय लागणार! शिवाय हवा तापते ती मुख्यतः खालून, तापलेल्या जमिनीमुळे.

मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याला यातलं गणित नसेल माहीत, पण गारवा कळत होता. १८२९ मध्ये त्यानं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा दुसऱ्या मुलखाच्या बदल्यात मिळवली. पेठेला नाव पडलं माल्कमपेठ. बंगले उठले, चर्च आलं, बटाटे आणि स्ट्रॉबेरी आली. इथल्या तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांनी भाजीचे मळे पिकवले. विलायत हजारो मैल उत्तरेला. तिथं जाता येईना, तर डोंगर चढून बसावं. अक्षांशाची तहान साहेबानं उंचीवर भागवली.

पण उंची फक्त हवा गार करते. आकाश तिच्या हातात नाही. महाबळेश्वरचा अक्षांश अठराच्या जरा आत, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य इथं बरोबर डोक्यावर येतो आणि भर दुपारी माणसाची सावली पायाखाली जाते. लंडनला हे कधीच घडत नाही. तिथं किरण तिरपे पडतात, तेवढंच ऊन जास्त जमिनीवर वाटलं जातं. तिथला जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरातला आठाच्या खाली. इथला सर्वांत मोठा दिवस तेराच्या थोडा पुढे, सर्वांत लहान अकराच्या आसपास. साहेबाला गारवा मिळाला, पण रात्री नऊपर्यंत रेंगाळणारा उजेड नाही मिळाला.

आणि पाऊस! ज्या चढणीनं हवा गार होते, त्याच चढणीवर तिच्यातली वाफ ढग होऊन कोसळते. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. जून आला की साहेबलोक बंगल्यांना कुलपं लावून खाली उतरत. धुक्यानं ऊन असं अडवलेलं असतं, की जुलै-ऑगस्टच्या दुपारी पारा विसाच्या आसपास घुटमळतो. जानेवारीच्या दुपारी तो तेवीस-चोवीसला असतो. इथली पावसाळ्यातली दुपार हिवाळ्यातल्या दुपारपेक्षा गार! शाळेच्या कोणत्याही नकाशातून हे समजत नाही. पाचगणी वीस किलोमीटरच्या आत, उंचीही जवळपास तेवढीच, अक्षांश तोच. पण पाऊस जेमतेम तिसरा हिस्सा, कारण ढग तिथवर पोचतात ते हात रिकामे करून. पसरणी घाट उतरून वाईत गेलं की आणखी कमी. वाईकरांना महाबळेश्वरचा पाऊस भेटतो तो कृष्णेच्या पात्रातून.

या सगळ्याचा मेळ बसवला तो स्ट्रॉबेरीनं. इंग्लंडात ती जून-जुलैत लाल होते. इथं तेव्हा वाफा धुऊन जाईल असा पाऊस. म्हणून रोपं पाऊस ओसरल्यावर लावतात, आणि हंगाम चालतो हिवाळ्यापासून मार्च-एप्रिलपर्यंत. फुलायला तिला गार हवा लागते आणि लहान दिवस. गार हवा डोंगर देतो. अकरा तासांचा, तरीही उन्हानं भरलेला दिवस मात्र अठरा अक्षांशाचाच. इंग्लंडात त्या दिवसांत तिला एवढं ऊन मिळालं नसतं. मला तर वाटतं, साहेबाला जे साधलं नाही ते या रोपानं साधलं: उसनं न मागता, जे आहे त्यात रुजणं.

डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रांत ठरलेली बातमी येते: वेण्णा लेकवर हिमकण, महाबळेश्वर गोठलं. ती वाचून पर्यटक पेठेत उतरतात आणि हिरमुसतात, कारण तिथं पारा शून्यापासून बराच वर असतो. बातमी खोटी नसते. निरभ्र, निवांत रात्री जमीन भराभर निवते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होऊन उताराला लागते आणि वेण्णा, लिंगमळ्याच्या सखलात साचते. वर जावं तसं गार हा नियम त्या रात्रीपुरता उलटा होतो. पर्यटक पहाटे गाड्यांच्या टपांवरचा पांढरा थर खरवडून फोटो काढतात, आणि सखलातला शेतकरी आपल्या स्ट्रॉबेरीची पानं किती करपली ते बघत फिरतो. शेत घेताना इथला जाणता माणूस गावाची उंची विचारत नाही. शेत खोलात आहे की उतारावर, हे विचारतो.